चोर्ल्याच्या रस्त्यावर हक्क कुणाचा?

बेळगावातून गोव्याला उतरायला तीन घाट आहेत. आंबोलीचा, चोर्ल्याचा आणि अनमोडचा. शिवाय लोंढा, कॅसलरॉक, कुळे असा रेल्वेचा घाट आहे, तो धरला तर चार. आपल्याकडच्या घरांत या घाटांची नावे शेजाऱ्यांच्या नावासारखी तोंडात असतात. कुणाची मुलगी म्हापशाला दिलेली असते, कुणाचा मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात असतो, कुणाचे कुलदैवत मंगेशी किंवा शांतादुर्गा. गोव्याची माणसे गणपतीच्या आधी कापडचोपड घ्यायला, एरवी दवाखान्याला बेळगावला येतात. आपली भाजी आणि दूध रोज पहाटे गोव्यात उतरते. दोन राज्यांचे पाण्यावरून भांडण चालू असताना कोथिंबिरीचे टेम्पो मात्र एक दिवस थांबलेले नाहीत.

गेल्या जूनमध्ये पणजीला एका चर्चासत्रासाठी जायचे होते. सहकारी म्हणाले, ‘‘सर, गाडी काढू या, दोन-अडीच तासांत पोचू.’’ पण मला सवड होती आणि हा रस्ता खिडकीशी बसून बघायचा होता. म्हणून जातानाचा टप्पा एसटीने केला. आता आपल्या बसला एसटी म्हणणेही जुने झाले, पण बेळगावात कर्नाटकाची बस असो की गोव्याची कदंब, आपल्या तोंडी ती एसटीच.

बसस्थानकावर कंडक्टर ‘‘मुंद होग्री, मुंद होग्री’’ म्हणत माणसे आत लोटत होता. पिरनवाडी मागे पडली, किणये गेले. कुसमळीला मलप्रभा ओलांडली आणि जांबोटीपासून हवा बदलली. पावसाने नुकताच जोर धरला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जांभूळ, ऐन, किंजळ, मध्येच एखादा जुना आंबा. कणकुंबी जवळ आली तसे धुके खाली उतरले आणि ड्रायव्हरने दिवे लावले.

कणकुंबी हे साधे गाव नव्हे. इथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला वळते, खानापुरावरून पुढे जाते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात थांबते आणि शेवटी कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. माझी सासुरवाडी धारवाडची. तिथल्या नळाला येते ते याच मलप्रभेचे पाणी. सासूबाईंना कणकुंबीचा तीर्थप्रसाद नेऊन दिला तेव्हा त्या कन्नडातून म्हणाल्या होत्या, ‘‘अहो, हे तीर्थ तर आमच्याकडे रोज घागरीत येतं.’’ याच खानापूर तालुक्यातल्या डोंगरात थोड्या अंतरावर म्हादई उगम पावते. ती पश्चिमेला उतरते आणि मांडवी होऊन पणजीच्या दारातून समुद्राला मिळते. एकाच रानाच्या दोन उतारांवरून दोन नद्या दोन समुद्रांकडे जातात. या पाण्याच्या वाटणीसाठी लवाद बसला, २०१८ साली त्याचा निवाडा झाला, तरी वाद मिटला नाही. पाणी कुणाचे यावर आपण इतके बोललो, पण पाणी धरून ठेवणाऱ्या रानातून आपण काय काय नेतो यावर त्या मानाने फार थोडे बोललो.

या रानाची ओळख एकदा नीट करून घेतली पाहिजे. रस्त्याच्या दक्षिणेला भीमगड अभयारण्य आहे, ते २०११ साली जाहीर झाले. त्यातल्या बारापेडे गुहांत राहणारे राउटनचे वटवाघूळ जगात फक्त इथेच आहे, असे कित्येक दशके मानले जात होते. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडले. घाट उतरला की गोव्याचे म्हादई अभयारण्य लागते, ते १९९९ सालचे. दक्षिणेला मोले, त्याच्या खाली काळी व्याघ्र प्रकल्प. उत्तरेला तिळारी, आंबोली आणि मग कोल्हापूर-सातारच्या अंगाला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. नकाशावर ही नावे वेगवेगळ्या राज्यांत, वेगवेगळ्या रंगांत असतात. वाघाला मात्र हे एकच रान आहे. मे २०१८ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कॅमेऱ्याने टिपलेला एक वाघ मे २०२० मध्ये खाली काळीच्या रानात पुन्हा टिपला गेला. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो ओळखता आला. या दोन टोकांच्या मध्ये आपले तिन्ही घाटरस्ते आडवे पडले आहेत. म्हणजे आपण ज्या रस्त्यावरून मासे खायला गोव्याला जातो, तोच ओलांडून त्याला त्याचे घर गाठायचे होते.

वाघाची बातमी तरी होते. बेडकाची होत नाही. माझा एक माजी विद्यार्थी भाजीचा टेम्पो चालवतो. मध्यरात्रीनंतर निघतो, उजाडायला गोव्यात. तो म्हणाला, ‘‘सर, पयल्या पावसाला घाटात रस्त्यावर नुस्ती बेडकं असत्यात. चुकवायला बगतोय खरं किती चुकवणार?’’ त्यामागे कारण आहे. पहिला पाऊस पडला की बेडूक जोडीदार शोधायला पाण्याकडे निघतात, आणि त्यांच्या शेकडो पिढ्यांच्या वाटेत आता डांबर आहे. दिवसभर तापलेले डांबर रात्री उबदार राहते, म्हणून सापही त्यावर येऊन पडतात. आंबोलीला एक छोटा भेक आहे, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वेगळे नामकरण केले. त्याचे जग म्हणजे आंबोलीच्या परिसरातले काही कातळ. अति संकटग्रस्त म्हणून त्याची नोंद आहे, आणि पावसाळी सहलीच्या गाड्यांखाली तोही चिरडला जातो. धबधब्याखाली फोटो काढून परतणाऱ्याला आपल्या चाकाखाली काय गेले ते कळतही नाही.

झाडावरच्या प्राण्यांची गोष्ट निराळी. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. आपल्या दोन्ही भाषांत तिला चांगली नावे आहेत. मराठीत शेकरू, कन्नडात केंदळिलु, म्हणजे तांबडी खार. ती फांदीवरून फांदीवर उडी घेत जाते. जुना अरुंद रस्ता असला की दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींना भिडतात आणि रस्त्यावर छत होते. शेकरू त्यावरून पलीकडे जाते, तिला रस्ता आहे हे कळतही नाही. रस्ता रुंद झाला की छत तुटते. मग ऊन थेट जमिनीवर येते, रानमोडी आणि घाणेरी माजते, ओलावा आटतो. रस्त्याच्या कडेपासून आत बरेच अंतर रानाची जात बदलत जाते. म्हणून वीस मीटरचा रस्ता वीस मीटरच रान खातो असे समजू नये.

डोंगराचेही तसेच आहे. घाटात रुंदीकरण म्हणजे डोंगराचा पाय कापणे. जांभा दगड आणि त्याखालची माती पाणी प्यायली की तो उभा कापलेला उतार धरत नाही. जुलै २०२५ मध्ये अनमोड घाटात रस्ता खचला आणि जड वाहतूक बंद ठेवावी लागली. एक घाट बंद झाला की भार दुसऱ्यावर पडतो, तो दुसरा मग अरुंद वाटू लागतो, आणि त्याच्याही रुंदीकरणाची मागणी येते. हे चक्र आपण तिन्ही घाटांवर पाहत आलो आहोत.

अनमोडच्या बाजूला हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मोलेच्या अभयारण्यातून रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे चौपदरीकरण आणि विजेची वाहिनी अशी तीन कामे एकदमच पुढे आली. त्यांच्या मंजुरीचा विषय एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदृश्य बैठकीत आला होता. गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी, चित्रकारांनी, शास्त्रज्ञांनी आणि साध्या गृहिणींनी ‘आमचे मोले’ म्हणत आवाज उठवला. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यातल्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. आपल्याकडे बेळगाव-खानापूर रस्त्याच्या रुंदीकरणात जुनी झाडे गेली तेव्हा हळहळ झाली, पण ती बहुतेक चहाच्या टपरीवरच राहिली.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मास्तर पगारदार माणूस, त्याला झाडे दिसतात, माणसे दिसत नाहीत. त्या दिवशी बसमध्येच मला हे ऐकावे लागले. शेजारी एक बाई बसल्या होत्या. बेळगावच्या बाजारातून परतत होत्या, मांडीवर पिशवी, पायाशी बी-बियाण्याची गोणी. मी खिडकीतून बघून काही टिपतोय हे पाहून त्यांनी विचारले. मी सांगितले. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, ‘‘झाडं पायजेतच की. खरं आमच्या आतल्या गावास्नी रस्ताच न्हाई. बाळंतीण अडली तर काठीला चादर बांधून खांद्यावरनं आणत्यात. पूर आला तर तेबी न्हाई. तुमच्या गाड्या पळायला रस्ता रुंद करत्यात, आणि आमास्नी साधा करत न्हाईत.’’ कणकुंबीच्या अलीकडे एका फाट्यावर त्या उतरल्या आणि पावसातच चालू लागल्या.

त्यांचे बोलणे खोटे नाही. भीमगडच्या पोटात आमगाव, गवाळी, पास्तोली, कोंगळा अशी गावे आहेत. पावसाळ्यात तिथून आजारी माणसाला खांद्यावरून आणावे लागते, हे आपण दरवर्षी वर्तमानपत्रांत वाचतो. अभयारण्य आहे म्हणून पक्का रस्ता नाही, आणि गाव सोडून जावे तर पुढे काय, हा घोर. म्हणजे रानाच्या नावाने ज्यांना त्याग करायला सांगितला जातो त्यांच्याकडे गाडी नाही. आणि ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्यासाठी त्याच रानाच्या कडेने रस्ता रुंद होतो. मला वाटते, रस्त्याच्या प्रश्नातली खरी मेख इथे आहे. प्रश्न रस्ता हवा की नको असा नाहीच. रुग्णवाहिका जाईल, शाळेची बस जाईल, भाजीचा टेम्पो जाईल एवढा रस्ता प्रत्येक माणसाचा हक्क आहे. शनिवारी सकाळी एकेका माणसाला घेऊन एकेक गाडी ताशी ऐंशीच्या वेगाने गोव्याला पोचली पाहिजे, हा हक्क आहे का, एवढाच प्रश्न आहे.

थोडा हिशेब मांडतो. गणित सोपे आहे, मुलांकडून करून घेता येईल. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलोच्या पेट्रोलातून सव्वादोन किलो वायू कसा, असे विद्यार्थी विचारतात. पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेतो, वजन तिथून येते. बेळगाव ते पणजी चोर्ल्यावरून सुमारे १२० किलोमीटर धरा. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी आठ लिटर पिते, म्हणजे अठरा किलोंहून थोडा जास्त वायू. गाडीत एकटाच माणूस असेल तर तो सगळा त्याच्या नावावर. चौघे असतील तर प्रत्येकी साडेचार किलो. आता बस. ती डिझेलवर चालते, लिटरला साडेचार किलोमीटर धरले तर सत्तावीस लिटर, आणि डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.७ किलो. एकूण बहात्तर-त्र्याहत्तर किलो. पण बसमध्ये पंचेचाळीस माणसे. माणशी दीड किलोच्या आसपास. एकट्याची गाडी आणि भरलेली बस यात अकरा-बारा पटींचा फरक आहे. शिवाय पंचेचाळीस माणसे एका बसने गेली तर रस्त्यावर एकच वाहन, बेडकांना चाके सहा. तीच माणसे दोन-दोन करून गाड्यांनी गेली तर तेवीस वाहने आणि चाके ब्याण्णव.

यावर उत्तर येते की आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, आणि उद्या सगळ्या गाड्या विजेच्या होतील. दोन्हींत तथ्य आहे. २०२५ मध्ये देशात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले, आणि त्यात आपल्या जिल्ह्यातल्या उसाचाही वाटा आहे. पण ऊस वर्षभर उभा राहतो आणि वर्षभर पाणी पितो. ते पाणी कृष्णा, घटप्रभा आणि पुन्हा आपल्या मलप्रभेचेच. म्हणजे गाडीची तहान पेट्रोल पंपावर भागली असे वाटते, ती शेवटी नदीवरच भागते. विजेच्या गाडीने धूर जाईल, शहरातल्या मुलांच्या छातीला आराम पडेल, ते चांगलेच. पण विजेच्या गाडीलाही रस्ता तेवढाच लागतो आणि तिचेही टायर झिजतात. २०२० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले की टायरच्या रबरातल्या एका रसायनापासून बनणारे विष पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरून साल्मन मासे मारते. चोर्ल्याच्या रस्त्यावरचे पाणीही कुठेतरी उतरतेच. एका उताराने धारवाडकडे, दुसऱ्याने पणजीकडे.

शहराच्या जवळचेही पाहू. हलगा ते मच्छे या बायपाससाठी शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातली पिकाऊ जमीन जाते म्हणून शेतकरी वर्षानुवर्षे रस्त्यावर आणि कोर्टात लढले. हीच ती काळी जमीन, जिथल्या बेळगाव बासमतीचा वास एके काळी गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. दहा किलोमीटर लांब आणि ४५ मीटर रुंद पट्टा म्हणजे ४५ हेक्टर, म्हणजे एकशे अकरा एकर होतात. बायपास झाला की गावातली गर्दी कमी होईल असे सांगितले जाते. काही दिवस होतेही. पण मोकळा रस्ता दिसला की लोक आणखी गाड्या काढतात, कडेने घरे आणि हॉटेले उठतात, आणि दहा वर्षांत तोही रस्ता भरतो. पुण्या-बंगळुराने हे आपल्या आधी पाहिले आहे. आपण त्यांच्या अनुभवातून शिकायचे की स्वतः खर्च करून तोच धडा घ्यायचा, हे अजून आपल्या हातात आहे.

आणि सोय अगदीच नाही असेही नाही. कॅसलरॉकचा लोहमार्ग १८८०च्या दशकात बांधला गेला. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, जादा इंजिने लावून गाडी चढवावी लागते, पण एका गाडीत हजारावर माणसे जातात. गोवा एक्सप्रेस बेळगावावरून त्याच वाटेने वास्कोला उतरते. गाड्यांच्या वेळा एका दिवसात जाऊन येण्याच्या असत्या, तर कितीतरी कुटुंबांनी गाडी घरी ठेवली असती. रेल्वेने धारवाडला जायचे तर लोंढा-अळणावरचा वळसा पडतो, म्हणून कित्तूरवरून थेट मार्गाची मागणी जुनी आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत झाला. महाराष्ट्रात त्याच वर्षी मार्चपासून एसटीत निम्मे तिकीट. या योजनांवर विनोद पुष्कळ झाले. पण जांबोटीच्या बाजूच्या बाया आज स्वतःच्या हिमतीने बाजाराला आणि दवाखान्याला येतात, माहेरी जातात. बस आली की माणूस हलतो, आणि गाडी नसल्याचे ओझे वाटत नाही. त्या बसमधल्या बाईंना रुंद रस्ता नको होता, दिवसातून दोन वेळा वेळेवर येणारी बस आणि फाट्यापासून आत एक साधी वाट हवी होती.

आमच्या घरात आता एक नेम धरला आहे, तो सांगतो. गोव्याला लग्न-मुंज असली तर वेगवेगळ्या गाड्या निघत नाहीत. टिळकवाडी, शहापूर आणि धारवाडचे मिळून एक मोठे वाहन ठरते, आणि वाटेत मराठी-कन्नड दोन्हींत गाण्याच्या भेंड्या होतात. दोघे-तिघेच असलो तर बस. जून-जुलैच्या रात्री घाट उतरायचा नाही, पहाट होऊ द्यायची. गावातल्या गावात भाजीला, शाळेला पायी किंवा सायकल. यात त्याग फारसा नाही. सासूबाईंना तर मोठी गाडीच आवडते, सगळी माणसे एका जागी सापडतात म्हणून.

पण घरच्या नेमाने घाट वाचत नाही, हेही खरे. त्यासाठी मागायला शिकले पाहिजे. रस्ता रुंद करा अशी निवेदने आपण पुष्कळ देतो. आता निवेदनात लिहू या की बेळगाव-पणजी बसच्या फेऱ्या वाढवा, सकाळ-संध्याकाळची रेल्वे द्या, घाटात रात्रीचा वेग बांधा, बेडकांसाठी रस्त्याखालून मोऱ्या आणि शेकरूसाठी वरून फांद्या राखा. आणि त्यांच्याही आधी, भीमगडमधल्या बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत आणणारी वाट करा. निवेदन मराठीत लिहा, कन्नडात लिहा. आपल्या घरांत दोन्ही लिहिणारी माणसे आहेत.